पहिला व्हय

सत्यवतीने ओवाळणीचं ताट डाव्या हातावर तोललं, चिमूटभर अक्षता घेतल्या आणि अंगणाच्या पूर्वेला टाकल्या. मग ती दक्षिणेकडे वळली.

“आये, पूर्वेक कित्याक टाकतास?” ओटीवर चादरींच्या घड्या घालत बसलेली वर्षाली म्हणाली. “पूर्वेक फोंडाघाट. घाटार जहाज चढूक नाय अजून.”

“गप ऱ्हव गो. देवीक तुझ्यापेक्षा जास्त कळता,” सत्यवती म्हणाली, पण सुनेच्या बोलण्याने आलेलं हसू तिने पदराआड नेलं.

श्रावणातला शुक्रवार होता. आत भिंतीवर जिवतीचं चित्र, त्याला आघाड्याची माळ, पुढे दूध-साखरेची वाटी. मूल घरात असेल तर त्याला पाटावर बसवून ओवाळायचं. परगावी असेल तर चारी दिशांना अक्षता टाकायच्या, म्हणजे ते जिथे असेल तिथे त्याच्या डोक्यावर पडतात. सुदेश आरमारात लागला त्या वर्षापासून सत्यवती अशाच टाकत आली होती. आधी निदान बंदराचं नाव ठाऊक असायचं. यंदा तेही नव्हतं. वैशाखात सीमेवर तोफा सुरू झाल्या, काही दिवसांनी थांबल्याही, पण सुदेशचं जहाज पश्चिमेच्या पाण्यातच कुठेतरी फिरत राहिलं. मध्येच कुठल्याशा बंदराला लागलं की फोन यायचा, दोन वाक्यांचा.

वैशाखापासूनच सत्यवतीने मासळी सोडली होती. घर मासळीवर चालणारं. ती सगळ्यांसाठी सुक्या बांगड्याचं तिखलं करायची, चव पाहायला वर्षालीला बोलवायची, आणि आपण भात आणि सोलांची कढी घेऊन चुलीपाशी बसायची. कुणी विचारलं तर म्हणायची, पित्त वाढलंय.

उत्तरेच्या अक्षता टाकून ती वळते तोच अंगणाच्या फाटकाशी, बेड्याशी, हाक आली.

“काकी, आसास काय?”

संचिताचा देवेश. वाडीच्या मंडळाची सगळी धावपळ त्याच्याकडे. नुकताच तो अग्निवीर म्हणून निवडला गेला होता आणि दिवाळीआधी बेळगावला जाणार होता. तेव्हापासून त्याची छाती दोन पावलं पुढे आणि तो मागे चालतो, असं वर्षाली म्हणायची. निवड झाली त्या दिवशी त्याने साऱ्या वाडीत पेढे वाटले होते. आईला पहिला दिला. संचिता मालवणच्या बाजारात मासे विकते. तिचा आवाज जेटीपर्यंत जातो. पण तिने अर्धा पेढा खाल्ला, अर्धा त्याच्याच तोंडात घातला आणि पुन्हा कोयतीला धार लावत बसली. त्यावर ती अजून हो म्हणाली नव्हती की नाही म्हणाली नव्हती.

“ये रे. प्रसाद घे आधी.”

देवेशने चणे-गूळ तळहातावर घेतले आणि उभ्यानेच सांगितलं, “काकी, बैठकीत ठरला. नारळी पुनवेक ह्या वर्सा पयलो व्हय तुमचो.”

सत्यवतीने हातातलं ताट तुळशीपाशी ठेवलं.

तोंडवलीच्या या खालच्या वाडीत दर्याला नारळ द्यायच्या वेळी गाऱ्हाणं घातलं जातं, तसं ते किनाऱ्यावर सगळीकडेच घातलं जातं. पण इथली रीत थोडी निराळी. मागणं पुरुषांचं आणि ‘व्हय म्हाराजा’ बायकांचं. पाण्यात जाणाऱ्यांनी मागायचं, आणि मागे राहणाऱ्यांनी त्याला होकार द्यायचा. पहिला व्हय एकीचा असतो. तिचा आवाज उठला की मग बाकीच्यांचा. होकार आल्याशिवाय पुढचं वाक्य घेत नाहीत. इतकी वर्षं तो मान हौसाबाईचा होता. आता तिच्या गुडघ्यांना रेती सोसत नव्हती.

“माका कशाक रे? माझ्याहून मोठी माणसां आसत.”

“तुमचो झिल थय लढाईच्या जहाजार उभो आसा. तुमचोच मान.”

तिने हात जोडले. ते देवेशला की तुळशीला, तिचं तिलाही कळलं नसेल. “बरा,” ती म्हणाली. “म्हणान मी.”

“आणि गाराण्यात ह्या वर्सा एक वाक्य नवीन घातलेला आसा.” देवेशने चणे तोंडात टाकले, घाईने गिळले आणि सरळ उभा राहिला. “‘दुश्मनांची जहाजां बुडव म्हाराजा.’”

चादरींची सळसळ थांबली.

या वाडीत तो शब्द कुणी उच्चारत नाही. घागर पाण्यात ‘जाते’, सूर्य ‘कलतो’. काही वर्षांमागे पतपेढी बुडाली तेव्हा सुद्धा लोक ‘पतपेढी निजली’ असंच म्हणाले होते, आणि वसुलीला आलेला साहेब बिचारा, ती उठणार कधी, असं विचारत राहिला होता.

“अरे, दर्याच्या तोंडार तो शब्द?” सत्यवती हळूच म्हणाली.

“आपल्यासाठी न्हय, काकी. तेंच्यासाठी.”

“दर्याक काय ता कळता? तो बावटो बघून माणूस घेता काय?”

“काकी, त्यो जुन्या माणसांच्यो गजाली.” देवेश हसला. हसण्यात उद्धटपणा नव्हता. “सगळ्या बाजूच्या वाड्यांनी असा काय काय घातल्यानी. आमच्या वाडीचो माणूस प्रत्यक्ष थय आसा, आणि आमीच गप? लोक काय म्हणतले?”

तो गेला. सत्यवतीने सुनेकडे पाहिलं. वाटलं होतं, पतपेढीची आठवण काढून ती काहीतरी बोलेल. पण वर्षालीने हातातली चादर घडी न घालताच बाजूला ठेवली होती.

“जावंदेत खाली,” ती म्हणाली. “तेंच्यापायी माझो घोव चार महिने पाण्यात उभो आसा. रात्री फोन वाजलो की आधी देवाक हात जोडतंय, मगे उचलतंय. तुमी जोडणास नाय?”

“जोडतंय गो.”

“मग म्हणा व्हय. माझ्यासाठी तरी म्हणा.”

सत्यवतीने तिच्या हातावर प्रसाद ठेवला आणि तिची बोटं मिटून दिली.

*

सत्यवतीचे सासरे विठोबा, ज्यांना अख्खी वाडी तात्या म्हणते, माडाखाली सुंभ वळत बसले होते. गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराचा. ऐंशी ओलांडली तरी आवाज खणखणीत होता. सत्यवतीने त्यांच्यापुढे चहाचा पेला ठेवला आणि तिथेच खाली टेकली. ती अशी टेकली की काहीतरी विचारायचं असतं, हे त्यांना ठाऊक होतं.

“देवेशान सांगितल्यान तुका?”

“व्हय. तात्यानू, तुमी ता वाक्य घेतलास?”

“तेंनी मागल्यानी, म्हणान घेतलंय.”

“तो शब्द तुमी तोंडातून काढतलास?”

तात्यांनी सुंभाचं टोक अंगठ्याच्या आणि बोटाच्या चिमटीत धरून पीळ दिला. “माझा काम तोंडाचा, चेडवा. वाडीन मागला ता मी मागूचा. मी निवडूक लागलंय तर उद्या म्हणतले, म्हातारो आपल्या मनाचा मागता. माझ्या बापाशीन एकदा एका खुळ्याच्या सांगण्यान आंब्याच्या मोहराऐवजी काजीचो मोहर मागितल्यान. मागूचाच लागता.”

“मग चुकीचा काय मागितला तर?”

“म्हणान तर बायो मागे उभ्यो असतत,” तात्या म्हणाले आणि चहाचा पेला उचलला.

म्हणजे तिथेही सुटका नव्हती. ते वाक्य उच्चारलं जाणार, आणि ते दर्यापर्यंत पोचवायचं की नाही हे तिच्या एका शब्दावर येऊन बसणार. म्हणावं, तर चार महिने मासळी सोडून, सोमवार-शुक्रवार धरून जे मागितलं, त्याच तोंडाने हे मागायचं. न म्हणावं, तर सून म्हणेल, मुलगा पाण्यात असून आईची जीभ उचलली नाही. दोन्हीकडून काटा तिच्याच पायात होता. ती उठली, उरलेला प्रसाद केळीच्या पानात बांधला आणि भाईंच्या घराकडे निघाली.

भाई आरमारातून निवृत्त होऊन आले त्याला जमाना लोटला. एकाहत्तरच्या लढाईत ते अगदी पोरवयात बोटीवर होते. आता पावसाळ्यात वाडीतली लाइफ जॅकेटं गोळा करून त्यांचे पट्टे शिवून देतात, आणि शिवता शिवता जो कुणी समोर येईल त्याच्याशी सरकारच्या धोरणावर वाद घालतात.

“ये गो सत्यवती,” ते दाभण वर करून म्हणाले. ओटीवरच्या दोरीवर नारिंगी जॅकेटं ओळीने लटकत होती. “ह्या बघ देशाचा संरक्षण खाता. माझ्या दोरयेर सुकता.”

तिने प्रसाद दिला आणि देवेशचं वाक्य सांगितलं. तो एक शब्द मात्र तिने ‘खाली धाड’ असा बदलून घेतला. भाई आधी मोठ्याने हसले. मग हसू ओसरलं आणि दाभण जॅकेटात तसंच खोचलेलं राहिलं.

“एकाहत्तरात एक बोट गेली तेव्हा आमी माणसां काढूक गेलो,” ते म्हणाले. “पाण्यार इंधनाचा तेल पसारलेला. काळा, दाट, काकवीसारखा. त्याच्यात माणसां. सगळी काळी. तोंड नाय, गणवेश नाय, काय नाय, फकत डोळे. आमी हात घालतो नि वर ओढतो. खंयचो तो, ता इचारूक येळ खंय? वर घेऊन तोंड पुसला, की मगे समाजता, हो आमचो.” ते थांबले. “आणि आमचो नसलो तरी घेवचोच लागता. आरमाराचो कायदो आसा तो. जहाजार असता तवसर दुश्मन. पाण्यात पडलो की माणूस. ह्या काय भजनी मंडळाचा बोलणा न्हय. बंदुकवाल्यांनी लिवन ठेवलेला आसा.”

“ह्या तुमी देवेशाक सांगलास?”

“सांगूक गेलंय. तो म्हणालो, भाई, तुमी पेन्शन खातास आणि लष्कराक नावां ठेवतास.”

“तसो तो बोलता खरो,” सत्यवती म्हणाली. तिला हसू आवरेना.

“अगो, खातंय म्हणान तर बोलतंय! त्या पोराक पेन्शन मिळूची नाय. चार वर्सां वापरतले, चौघांतल्या एकाक ठेवतले, तिघांका घराक धाडतले. मी इचारतंय, सैनिक म्हणजे काय मासळीच्या होडयेचो खलाशी? हंगाम संपलो, जा घराक? देश राखूक व्होयो. मी राखलंय, माझी कंबर त्येची साक्ष आसा. पण राखणा म्हणजे नुसता मारणा न्हय. किनाऱ्यारच्या माणसाच्या अंगात धड जाकीट आसा काय, दवाखान्यात डॉक्टर आसा काय, शेजाऱ्याबरोबर बोलूची वाट उघडी आसा काय, ता पण राखणाच. ह्या बोललंय की लोक म्हणतत, भाई भियालो.”

“भियालास काय?”

“तेव्हा भियालंय. आता नाय.” त्यांनी दाभण ओढून दोरा ताणला.

“मगे मी काय करूचा, भाई?”

“ता माका इचारू नको, बाय. मी पुरुषांतलो, मी मागणारो.” त्यांनी पुढचा टाका घातला. “दिल्लीत लढाई ठरता तेव्हा कोणी सैनिकाच्या आवशीक बोलावून इचारूक नाय अजून, गो, तुझो व्हय आसा काय म्हणान. आमच्या वाडीत इचारतत. तेवढा खरा.”

*

पुनवेच्या आदल्या संध्याकाळी सुदेशचा फोन आला. वर्षालीने आधी घेतला, आत जाऊन बोलली, डोळे पुसत बाहेर आणून दिला.

“आये, बरो आसंय. नारळ दिलास की माझ्यातर्फे पण हात लावा.”

“जेवलंस काय रे?” एवढंच सत्यवतीने विचारलं. तो हो म्हणाला आणि आवाज गेला. मनात होतं ते विचारायला तिला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी मुलाच्या डोक्यावर ते ओझं तिने टाकलं नसतं. तिने समईत तेल घातलं आणि वात पुढे सारली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस उघडला. ऊन असं स्वच्छ पडलं की ओल्या माडांच्या झावळ्यांवर डोळा ठरेना. ओढून वर ठेवलेल्या होड्यांवरची झापं काढून झाली होती, नवा रंग लावलेल्या होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेला, हळद-कुंकू लागलं होतं. ढोल पुढे, मागे सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ घेतलेले तात्या, मग पुरुष, मग बायका. बायकांच्या केसांत अबोली होती. गढूळ, फेसाळ दर्या अजून श्रावणाचं ऐकायला तयार नव्हता, पण लाटा पूर्वीसारख्या अंगावर धावून येत नव्हत्या.

सत्यवती बायकांच्या पुढे उभी राहिली. तिच्या उजव्या अंगाला संचिता, मागे वर्षाली. ढोल थांबला.

“बा दर्या म्हाराजाऽ,” तात्यांचा आवाज निघाला.

“व्हय म्हाराजा,” सत्यवती म्हणाली. तिचा आवाज मुळातच बारीक. पण त्यावर मागच्या साऱ्याजणींचा आवाज चढला आणि रेतीवरून पुढे गेला.

“आज सालाबादपरमाणे वाडीतल्या लेकरांनी तुझ्या पायाकडे हो नारळ आणलेलो आसा, तो मानून घे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“होडयेक वारो दी, जाळ्याक भार दी, कोणाच्या पदरात उणा घालू नको म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

तिला बरं वाटायला लागलं होतं. उन्हाने पाठ शेकत होती. प्रत्येक व्हयबरोबर छातीतलं काहीतरी सैल होत होतं, जसं नामस्मरणात होतं.

“आणि जे कोण आमच्या मुलखार चालान इले, त्या दुश्मनांची जहाजां बुडव म्हाराजा.”

सत्यवतीने तोंड उघडलं. श्वास आत गेला आणि तिथेच राहिला. तिने क्षणभर डोळे मिटले, तर पाण्यात काळी माणसं दिसली, सगळी एकसारखी, नुसत्या डोळ्यांची. त्यांतला सुदेश कुठला ते तिला ओळखता येईना.

लाट आली, फुटली, परत गेली. मागे बांगड्याही वाजल्या नाहीत. सगळ्याजणी पहिल्या व्हयसाठी खोळंबल्या होत्या. मानेवर सुनेचा श्वास लागत होता, तो आधी जवळ आला आणि मग वर्षाली एक पाऊल मागे सरकली, हे सत्यवतीला न पाहता कळलं.

तात्यांनी तेच वाक्य दुसऱ्यांदा घेतलं. शब्द तेच, आवाजात राग नाही, आग्रहही नाही.

तिने पदराचं टोक मुठीत धरलं आणि ओठ मिटून घेतले.

पुरुषांत कुणीतरी घसा खाकरला. कुणी मागे वळून पाहिलं. गाऱ्हाणं अर्धं सोडायचं नसतं आणि होकारावाचून पुढेही न्यायचं नसतं. तात्या दर्याकडेच तोंड करून म्हणाले, “मागणारो कोण तो पुढे येवंदे.”

देवेश पुढे आला. मंडळाचा नवा बनियन, कपाळाला गुलाल. त्याचे कान लाल झाले होते.

“बायो व्हय म्हणनत नाय रे. काय करूचा?”

“पण तात्यानू…”

“गाराणा उघडा ठेवूचा नसता, बाबा. दुसरा काय व्होया ता माग.”

देवेशने वळून सत्यवतीकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग होता, आणि रागापेक्षा जास्त, मधेच साथ सुटलेल्या माणसाचा गोंधळ. सत्यवतीने नजर खाली घातली नाही. मग त्याची नजर तिच्यावरून सरकून शेजारी गेली. संचिता त्याच्याकडे पाहत होती. पेढा दिला त्या दिवसापासून ती त्याला जेवायला वाढत होती, त्याचे कपडे धूत होती, पण असं सरळ तोंडाकडे तिने पाहिलं नव्हतं.

त्याची पुढे काढलेली छाती हळूहळू जागेवर आली. एकाएकी तो गेल्या वर्षीपर्यंत होता तेवढाच दिसू लागला.

“मी जातंय मां आता, तात्यानू…”

“मोठ्यान बोल. माका नको, त्येका ऐकाक जावंदे.”

“माका…” देवेश पाण्याकडे वळला. “माका परत हाड.”

तात्यांनी मान हलवली. नारळ दोन्ही हातांनी कपाळाला लावला आणि आवाज लावला, “बा दर्या म्हाराजाऽ, हो संचिताचो झिल देवेश, तो माझ्या गंगारामाचो झिल सुदेश, आणि जी कोण लेकरां आवशीच्या दारातून बाहेर पडलेली आसत, तेंका जशी नेलंस तशी परत हाड म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!”

आवाज सत्यवतीचा नव्हता. तो जेटीपर्यंत जाणारा आवाज होता, आणि तो इतका अचानक, इतका उघडा आला की ढोलवाल्याचा हात दचकून ढोलावर पडला. मग सत्यवतीचा व्हय आला, मग साऱ्याजणींचा. अगदी शेवटी, बाकीचे आवाज खाली बसल्यावर, मागून एक ओला, उशिराचा व्हय आला. तो तिच्या घरातला होता. सत्यवतीने मागे न बघता हात मागे केला. वर्षालीने तो लगेच धरला नाही, पण धरला.

भाई पुरुषांच्या ओळीत टोपी काढून उभे होते.

नारळ पाण्यात गेला. पोरं ओरडली, ढोल पुन्हा सुरू झाला, होड्यांवर गुलाल उडाला. देवेशला कुणी चिडवलं नाही. त्याच्या मित्रांनी त्याला उचलून खारट पाण्यात टाकलं, तसं ते दर वर्षी कुणा ना कुणाला टाकतात, आणि तो नाकातोंडातून पाणी काढत, शिव्या देत, हसत वर आला.

*

परतताना बायका केवड्याच्या बनातल्या वाटेने एकामागे एक चालल्या होत्या. वर्षाली पुढे, नारळीभाताची पातेली चुलीवर ठेवून आली होती म्हणून घाईत. संचिता आणि सत्यवती मागे राहिल्या.

“गो सत्यवती,” संचिता म्हणाली, “तुझो मान मी घेतलंय.”

“आसांदे.”

“माका कळलाच नाय. तोंडातून गेला.”

“बरा झाला गेला ता.”

वाटेत ओहळ लागला. दोघींनी पातळ वर घेऊन तो ओलांडला. पलीकडे संचिता पाय झटकत थांबली. झटकून झाल्यावरही थांबली.

“बेळगावाक थंडी खूप पडता म्हणतत,” ती म्हणाली.

सत्यवतीने तिच्याकडे पाहिलं नाही. “पडता. पण पांघरूणा तेच देतत. तू घावन करून दी, दोन दिवस ऱ्हवतत. आणि सुके बांगडे घालू नको पेटयेत, सगळ्या कपड्यांका वास मारता. सुदेशाचे मित्र अजून त्येका चिडवतत.”

“फोन देतत मां थय?”

“रोज नाय. रविवारी देतत. पण कितक्या वाजता, ता तेंचा तेंकाच ठावक.”

संचिताने मान डोलावली आणि चालू लागली. रविवार म्हणजे बाजाराचा सगळ्यात मोठा दिवस. मुंबईकर, पाहुणे, हॉटेलवाले, पापलेटाला तोंडाला येईल तो भाव. त्या दिवशी टोपली घेऊन न गेलेली संचिता वाडीत कुणी पाहिली नव्हती. काही पावलं गेल्यावर ती थांबली आणि मागे वळून म्हणाली, “मगे रविवारचा मी बाजारात जाणंय नाय.”